शब्दामागे सव्वा रुपया

एकतीस वर्षं मी पणजीच्या त्या खिडकीत बसले,
लोकांच्या जाहिराती मोजत.
शब्दामागे सव्वा रुपया, मग अडीच, मग सात.
नाव बदलले आहे. दाखला हरवला आहे.
वर पाहिजे, सरकारी नोकरीतला.
विकणे आहे.

लाल पेन आधी विशेषणांवर चालायचं.
‘प्रशस्त’ कशाला, चौरस मीटर दिलेत ना?
‘हवेशीर’ काढा, खिडक्या काय सगळेच ठेवतात.
कुंभारजुव्याचा एक म्हातारा होता, ओली छत्री काखेत,
त्यानं लिहिलं होतं:
विहिरीचं पाणी मे महिन्यातही गोड.
मी त्याचे सव्वासहा रुपये वाचवले.
देव बरें करूं म्हणाला आणि बस पकडायला गेला.
घरी पोचल्यावर तांब्याभर तेच पाणी प्याला असेल.

आता माझी पाळी.
कुर्टीचं घर, दोन खोल्या,
आणि एक्याण्णव साली सोसायटीचं कर्ज घेऊन
मागं वाढवलेलं स्वयंपाकघर.
नकाशात तिथं अजून मोकळी जागा आहे.
हे लिहायचं, की भेटीत सांगायचं?

मिनीन एजंट खुर्चीवर टेकलाच नाही.
‘बाय, समुद्र घाला.’
समुद्र? इथून मिरामार सव्वा तास,
तोही फोंड्याला बस तयार मिळाली तर.
‘मग हिरवळ घाला. दिल्लीवाले हिरवळीला भुलतात.’
हिरवळ म्हणजे शेजारच्या नाईकांचा फणस.
पानं आमच्या गच्चीवर, गरे त्यांच्या ताटात.
‘पोर्तुगीज शैली तरी?’
अरे, हाउसिंग बोर्डाचं घर हे,
पोर्तुगीज जाऊन तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.
‘गिऱ्हाईक वर्षं मोजत नाही, बाय.’
मी मोजते. मी आयुष्यभर मोजतच आले.

रात्री विजेच्या बिलामागं लिहायला बसले.
नळाला पाणी सकाळी सहा ते आठ. खरं आहे, राहू दे.
पश्चिमेची भिंत जुलैत घामेजते.
हे खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं,
मग ‘पाहणीस जुलैत यावे’ असं लिहून
माझं मलाच हसू आलं.
विकण्याचं कारण लिहायची पद्धत नाही.
कुणी लिहून आणलंच, तर मीच मारत असे:
बाजारात कारण सांगितलं की भाव पडतो.

मागचं दार सगुणनं स्वतः बसवलं होतं,
सुताराचे दोनशे वाचवायला.
बिजागरी उलटी लागली.
तेव्हापासून ते आधी उचलायचं, मग ओढायचं,
नाहीतर फरशीत रुततं.
आम्हाला सवय झाली. मोलकरणीला झाली,
नाईकांच्या मांजरालासुद्धा कळलं की इथून घुसणं नाही.
शेवटच्या वर्षी फक्त सगुणला आठवेना.
रात्री परसात जायचा आणि बाहेरून ओढत राहायचा,
ओढत राहायचा,
कुणाच्या तरी दारात आल्यासारखा
‘कोणी आहे का घरात?’ विचारायचा.
मी आतून उचलून द्यायची.

पदेराचा हॉर्न वाजला तेव्हा
कागदावर चौतीस शब्द होते.

खिडकीत आता एक पोरगा बसतो, कानात काहीतरी घालून.
मला ओळखत नाही, आणि ते बरंच.
पेन नाही त्याच्याकडे, पडद्यावर आकडे आपोआप पडतात.
शेवटच्या ओळीशी तो थांबला.
‘मॅडम, मागचं दार आधी उचलावं, मग ओढावं...
हे जाहिरातीत कशाला?
सहा शब्द आहेत. अठरानं एकशे आठ वाचतील.’

चांगला पोरगा. कामाचा.
मीही असंच म्हटलं असतं.

‘राहू दे,’ म्हटलं.
सुटे मी घरूनच मोजून आणले होते.