नऊ सेंट

सेंटचं नाणं या देशानं कधीच बंद केलं.
रोख द्यायचं तर हिशेब पाचाच्या पटीत,
पण आमचा शेअर अजून तीन सेंटला.
आर्वोला रात्री चांगलं स्वप्न पडलं असेल तर साडेतीन.

मी गळाला लावायचे बारके मासे विकते, डझनावर.
सरोवर गोठलं की फळ्यांचं खोपट ओढत आत नेते,
आणि पहाटे, उणे एकतीसमध्ये,
भोकाभोवती चौघं येऊन बसतात:
आर्वो, ओरेस्त, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली रेजान,
आणि डेल्बर्ट, जो कंपनीला 'आपली' म्हणतो.

आपली कंपनी म्हणजे ग्रे लून रिसोर्सेस.
एक संचालक, त्याचा मेहुणा,
भाड्याचं एक ड्रिल,
आणि थंडर बेच्या वर रानात इतकी जमीन
की नकाशावर अंगठा ठेवला तर झाकून जाते.

"यंदा अठरा भोकं पाडणार."
"गेल्या वर्षी अठराच म्हणाले. सहा पाडली."
"सहातल्या दोनांत दिसलं ना!"
"काय दिसलं?"
"ते सांगत नाहीत. सांगत नाहीत म्हणजे मोठं असणार."
"किंवा नसणार."
"तू गप रे. तू दोनला घेतलेस, तुला काय जातंय?"

मासा अजून पाण्यात, पण वाटे घालून झालेले.
रेजानला छप्पर. ओरेस्तला गुडघा, तोही खाजगीत, लगेच.
डेल्बर्टला फक्त बरोबर ठरायचंय.
आर्वो काहीच मागत नाही.
त्याच्याकडे दोन लाख आहेत, अकरा सेंटला घेतलेले,
बायको असताना, तिला न विचारता.

मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
भाव नऊवर गेला.
का, ते आजवर कोणाला कळलं नाही.
डेल्बर्ट हातमोजा दातांनी ओढून फोन बघत ओरडला,
"कोणी हलू नका!"
जसा पायाखालचा बर्फ तडकतोय.
कोणी हललं नाही.
दुपारी पाच. गुरुवारी तीन.

तेव्हापासून विषय एकच: नऊला विकलं कोणी?
सव्वादहाला एक सौदा पडला होता, बारा हजारांचा.
"टोरांटोचा कोणी असेल," रेजान म्हणते.
"टोरांटोवाले बारा हजारांसाठी बोट उचलत नाहीत.
हा इथलाच आहे," ओरेस्त म्हणतो.
"जो कोण असेल, त्यानं आपल्याला बुडवलं,"
म्हणत डेल्बर्ट दोन्ही तळवे शेकतो
माझ्या नव्या गॅसच्या शेगडीवर.

चांगली आहे शेगडी. जुनीचा धूर व्हायचा,
आर्वो खोकत खोकत वाऱ्यात जाऊन उभा राहायचा.
मी सांगितलंय, बहिणीनं धाडली, सडबरीहून.
डेल्बर्टला पटलं. रेजानने बहिणीचं नाव विचारलं,
मी पटकन काहीतरी सांगितलं.
आर्वो काही बोलला नाही.
आर्वो आणि मी पहिलीपासून एका वर्गात होतो.
मला बहीण नाही.

मार्चमध्ये मी थोडे परत घेतले.
चार हजार, तीन सेंटला. एकशेवीस डॉलर, दलाली वेगळी.
नाहीतर इथे बसून बोलणार कशाबद्दल?
माशांबद्दल?

आर्वो दोरी जराशी वर ओढतो, परत सोडतो.
पायानेच शेगडी आपल्याकडे सरकवतो.
"अठरा भोकं," माझ्याकडे न बघता म्हणतो.
"थांब तू. आत्ता विकू नकोस."