वजनाचा कागद

विमाननगरच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत,
आज जेटचा विषय निघाला.
आगाशेसाहेबांनी भिंतीवर चित्र टाकलं:
एकशे शहाऐंशी खुर्च्या, पंखांखाली दोन गरगरीत इंजिनं,
शेपटीवर आमचंच नाव, तिप्पट मोठ्या अक्षरांत.
चहा आला. बिस्किटांना कुणी हात लावला नाही.

मी कोपऱ्यात. आकडे लागले तर असाव्यात म्हणून बोलावलेली.
अकरा वर्षं लोहगावला वजनाचा कागद भरते:
माणसं किती, बॅगा किती, इंधन किती,
कोण पुढं, कोण मागं,
आणि सगळ्यांचा मिळून तोल कुठल्या रेघेवर येऊन थांबला.
विमान त्या रेघेवर उडतं, असं मी मानते.
कॅप्टन फ्रेनी दारूवाला म्हणतात, "थोडं देवावर पण,"
आणि सही करतात.

आमची विमानं भिंगरीची. जागा बहात्तर.
जळगावच्या एक बाई भरिताची वांगी मांडीवर घेऊन बसतात,
खाली दिली तर चेपतात म्हणे,
ते दोन किलो मी मनातल्या मनात
तेराव्या रांगेत लिहून टाकते.
नांदेडचे पेट्या दुरुस्त करणारे हटकरकाका
मुद्दाम भिंगरीशेजारची खिडकी मागतात.
"काळी चारच्या जरासा खाली लागतो हा," म्हणतात,
आणि डोळे मिटून पुण्यापर्यंत तेवढंच ऐकतात.

जेटला त्यातल्या काही धावपट्ट्या पुरत नाहीत.
"गावं आपण सोडत नाही आहोत," आगाशे म्हणाले,
"प्राधान्यक्रम बदलतोय."
सोडण्याला इतका इस्त्री केलेला शब्द
मी पहिल्यांदाच ऐकला.

पण खोटं कशाला बोलू.
मे महिन्यात नांदेडची हवा तापून विरळ होते,
तेव्हा वजन उतरवणारी मीच असते.
गेल्या लग्नसराईत नवरदेव वेळेवर पुण्यात पोचला,
शेरवानी दुसऱ्या दिवशी.
दिवाळीच्या आठवड्यात काउंटरवरून रोज नऊ-दहा माणसं परत जातात
आणि मी त्यांच्याकडे न बघता
प्रिंटरमध्ये कागद भरत राहते.
वेदकबाई हिशेबाच्या. त्यांचंही चूक नव्हतं:
"वायुदलाची लढाऊ विमानं गेल्यावर
आपल्या वाट्याला येतात पंधरा मिनिटं.
त्यात बहात्तर न्या की एकशे शहाऐंशी,
पंधरा मिनिटं पंधराच."

"तुम्हाला काय वाटतं?"
साहेबांनी एकदम मलाच विचारलं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे जिभेवर आलं होतं.
पण पाय तर कधीच अंथरुणाबाहेर आलेत,
गार पडलेत,
आणि नवं अंथरूण मिळणार ते उसन्या सुताचं.
मी म्हणाले, "सर, रिकाम्या खुर्चीलाही वजन असतं."
"किती?"
"खुर्चीचं नऊ किलो. हप्त्याचं तुम्ही सांगा."
कुणीतरी हसलं, मग थांबलं.
वेदकबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
आगाशेंनी पुढचं चित्र दाखवलं. त्यात सूर्यास्त होता.

निर्णय पुढच्या बैठकीत.
सातला मी ॲप्रनवर गेले, कारण नव्हतं.
वाऱ्यावर भिंगरी आपली आपण फिरत होती,
सावकाश, दुपारच्या झोपेत कूस बदलावी तशी.
गफूर तांबोळीनं तळहातानं एक पातं धरलं,
थांबवलं, लाल पट्टा बांधला, गाठ ओढून पाहिली.
"बाई, जेटच्या पंख्याला हात पुरेल का हो माझा?"
"शिडी देतील."
"मग ठीक."
पण त्यानं हात लगेच काढला नाही.

पहाटेचं पाच चाळीस, जळगाव.
एकाहत्तर तिकिटं गेलीत.
चौदा-ड रिकामी आहे अजून.
ती मी कागदावर शेवटी भरते.