आठशे एक

शेरिंगहॅमच्या चढावर, मिसेस थर्टलच्या घरी
या महिन्यात मी तिसऱ्यांदा आलोय.
पडद्यावर निवेदकाचा चेहरा चौकोनांत फुटतो,
हनुवटी कपाळाला जाऊन चिकटते,
मग निळी पाटी: सिग्नल नाही.
"कळलं, कळलं," ती पाटीला म्हणते, "रोज काय सांगायचं ते."

मी नेहमीच्या क्रमानं जातो.
मागची तार घट्ट आहे.
माळ्यावरच्या बूस्टरचा दिवा लाल, जिवंत.
छपरावर अँटेनाच्या टोकाला एक सीगल
घरमालकासारखा.
हुसकावला. गेला. परत आला.
जोडाचं आवरण सोललं तर आत पाणी,
तांबं हिरवं पडलेलं.
तेवढं कापून नवं जोडलं.

तरी ताकद ब्याण्णव, दर्जा शून्य.
"आमच्या अर्नेस्टचं शेवटी असंच झालं होतं," ती म्हणाली,
"आवाज खणखणीत, अक्षर कळायचं नाही."

मग नव्यानं ट्यूनिंग.
सगळं पुसू का, मशीन विचारतं. मी हो म्हणतो.
बावीस टक्के. तेवीस.
ती कपात आधी दूध ओतते, मग चहा.
सदतिसावर मशीन अडतं, ताकास तूर लागू देत नाही.
बाहेर समुद्र सपाट, हवा दडपून बसलेली.
अशा दिवसांत, मी तिला सांगतो, लांबचे सिग्नल
पाण्यावरून घरंगळत येतात, हॉलंडचेसुद्धा.
खरं तर काही करू नये.
हवा पालटेपर्यंत थांबावं.
"मग तू आलास कशाला?"

शंभर.
आपल्या भागाच्या बातम्या एकवर, असाव्यात तिथं.
आणि आठशेच्या पुढं
खाडीपलीकडच्या मनोऱ्याचा सगळा गोतावळा,
तिकडच्या बातम्या, तिकडचं हवामान.
"हे उपरे काढून टाकतो," मी म्हणालो,
"पाच मिनिटांचं काम."

तिनं रिमोट माझ्या हातातून घेतला,
गरम कप घ्यावा तसा, बेतानं.
"आठशे एक राहू दे."

आठशे एकवर एक बाई ग्रिम्सबीच्या गोदीपुढं उभी,
केस वाऱ्यानं तोंडात.
"हेस्टर तिथं असते, माझी.
अकरा वर्षं झाली. फोन नाही."
मग नकाशा आला.
ग्रिम्सबीवर एक ढग, ढगाखाली तीन तिरके थेंब.
"कपडे बाहेरच असतील तिचे," ती म्हणाली.
"धांदरट आहे."

मी पावती लिहिली: तार, जोड, एक तास.
खाली एक चौकट असते, बिघाड पूर्ण दुरुस्त.
ती कोरी सोडली.

फाटकातून वर पाहिलं.
सीगल जागेवर,
त्याच्या वजनानं अँटेना किंचित वायव्येला कललेली.
सरळ करायची तर शिडी पुन्हा लावावी लागली असती.
शिडी मी गाडीवर बांधली.