साडेपाच तास

ट्रॉम्ब्याकडे जाताना, माहुलच्या टाक्यांचा वास
जिथे संपेल संपेल वाटतं आणि संपत नाही,
तिथे आमची शेड. शेडच्या आत एक खोली,
भिंतींना, छताला, जमिनीलासुद्धा तांब्याची जाळी.
दार लावलं की मोबाइल मान टाकतो.
मुंबई बाहेर राहते, तिच्या सगळ्या हाकांसकट.

टेबलावर तीन सेट.
एक खाकी, कोपरे झिजलेला, पंचवीस वर्षांचा.
एक राखाडी, खारट वाऱ्याची सवय असलेला.
एक नवाकोरा, पडद्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.
तिघांचा मालक एकच.
तिघांची आपसात बोलचाल नाही.

मधे मी डोंगर ठेवते.
बोटाएवढी पितळी नळी, वर कोरलंय : तीस डेसिबल.
दोन जोडल्या की खिंड,
तीन जोडल्या की खिंडीपलीकडचा माणूस
ज्याची आता नुसती खरखर उरलीय.
अंतर असं आटे फिरवून वाढवता येतं.
घरी सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला,
मग कमीही करता येत असेल.

नाईक धोंडिराम खराडे, गडहिंग्लजचे,
सकाळपासून एक-दोन-तीन म्हणून कंटाळले
आणि त्यांनी बाजार मांडला :
"पावशेर जवारी मिरची, दोन कोथमिरीच्या जुड्या, वव्हर!"
पेटी ऑफिसर मयेकरांच्या कानात मिरची पोचली,
कोथिंबीर वाटेत गळाली.
मी तक्त्यात लिहिलं : शब्द सात, पोचले तीन.
सार्जंट इबोम्चांना मराठी येत नाही,
त्यांनी गंभीरपणे विचारलं, हा कुठला संकेत?

मग नकाशा.
अकरा चाळीसला खराडेंच्या सेटनं निरोप धाडला : मी इथे आहे.
ठिपका हिरवा यायला हवा होता.
पिवळा आला. पिवळा म्हणजे अनोळखी.
इबोम्चांच्या पडद्यावर, इबोम्चांपासून दोन हातांवर
बशीत चहा ओतणारा माणूस, अनोळखी.

पुन्हा धाडला. पिवळा.
केबल बदलली. पिवळा.
सगळे डोंगर काढून ठेवले डब्यात,
टेबलाचं सपाट माळरान केलं,
पिवळाच.

खराडेंनी पडद्यावर बोट ठेवलं.
"ह्यो म्या व्हय?"
हो, म्हटलं.
बोट तिथंच राहिलं बराच वेळ.

चार वाजता नोंदी उलगडत बसले तेव्हा सापडलं.
एकाचं घड्याळ इथलं, एकाचं ग्रिनिचचं,
आणि वेळ लिहिताना कुणीच लिहिलं नव्हतं, कुठली.
अकरा चाळीसचा निरोप पोचला होता तत्क्षणी,
पण पलीकडे तेव्हा सकाळचे सहा दहा.
साडेपाच तास पुढून आलेला माणूस!
जे अजून घडलंच नाही
त्यावर कुठलं शहाणं यंत्र भरवसा ठेवील?
त्यानं नियमानं खराडेंना नाकारलं.

फॉर्मवर रकाना आहे : दोष कुणाकडे.
खाकी सेट बरोबर. नवा सेट बरोबर.
मी लिहिलं, मधल्या जागेत.
आमचा सिद्धेश म्हणाला, नाबर मॅडम, हे वर चालणार नाही.
खोडलं नाही मी.

मयेकर वायर गुंडाळत होते.
पुढच्या महिन्यात वाळूत कळलं असतं हे,
एवढंच बोलले, आणि वायर पुन्हा सोडून
पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला लागले.

वेळेच्या शेपटाला एक अक्षर जोडलं.
हिरवा.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खराडे म्हणाले,
"आनि येकदा करा की."
केलं. हिरवा. आणखी चौदा वेळा केलं.

बाहेर पडताना गेटवरच्या वहीत सही करून वेळ टाकली.
रखवालदार कुशाबा वाचून हसले :
मॅडम, तेरा वीस? तुम्ही दुपारीच गेलात म्हणायचं की काय?
त्यांनी ते आडव्या रेघेनं मारलं,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वर लिहिलं अठरा पन्नास,
आणि शेजारी, मला न विचारता, माझी आद्याक्षरं.