मोजता येईल अशी निष्पत्ती

अर्ज वाचणं माझं काम नाही.
माझं काम पानं मोजणं:
विभागप्रमुखांची सही, अंदाजपत्रक,
दोन शिफारसपत्रं, तिन्ही प्रतींवर तारीख.
प्राध्यापकांच्या व्यावसायिक विकासासाठी अनुदान,
मुदत शुक्रवार दुपारी चारपर्यंत,
आणि चारला वीस कमी असताना लोडशेडिंग.

डॉ. मेरिल ट्रोलिप कागदावरच घेऊन आल्या.
मातीच्या बाई. म्हणजे मृदाशास्त्राच्या.
नखांत आमाटोलेच्या उतारावरची तांबडी,
शेवटच्या पानावर अंगठ्याचा ठसा.
"चालेल ना, नूमी?"
चालेल, म्हटलं. ठशाबद्दल नियम नाही.

अंधार होता, म्हणून खिडकीशी नेला,
आणि नेला तो वाचलाच.
बाकीचे कसे असतात मला पाठ आहे:
लिस्बनची परिषद, मेलबर्नची कार्यशाळा,
पहिल्याच ओळीत जागतिक दर्जा,
हॉटेल नेहमी समुद्राकाठचं.
ह्यांना कुठेच जायचं नव्हतं.
वसतिगृहामागच्या चढावर
निवृत्त मास्तरीण नोझुको यांच्या ओट्यावर
बारा आठवडे, आठवड्याला दोन तास,
एकूण नऊ हजार सहाशे रँड.

उद्दिष्टाच्या चौकटीत लिहिलं होतं:
"एकतीस वर्षं हजेरी घेते आहे.
एकतीस वर्षं मुलं, मला सोपं जावं म्हणून,
आपलं नाव मोडून हातावर ठेवतात,
भाकरीचा तुकडा ठेवावा तसं.
मला ती अख्खी हवी आहेत."

अपेक्षित निष्पत्ती, मोजता येईल अशी:
"हाक मारल्यावर मान वर करणाऱ्यांची संख्या."

आमच्या खोसा भाषेत तीन आवाज आहेत,
लिहिता येतात, पण लिहून कळत नाहीत.
एक दातांमागे जीभ लावून आत ओढायचा,
कुणाचं वाईट झाल्याचं कळलं की निघतो तसा, च्च.
दुसरा गालाच्या कडेनं,
बैल हाकताना.
तिसरा टाळूवरून सुटतो,
बाटलीचं बूच उडावं तसा.
हळहळ, बैल आणि बुचं,
एवढ्यावर आमच्यात बारशी होतात.

समिती सोमवारी बसली.
कुणी विचारलं, मातीशी ह्याचा संबंध काय?
कुणी म्हणालं, निवृत्तीला दोन वर्षं, मग परतावा काय?
मी चहा आत नेला तेव्हा सगळे गप्प होते,
बाहेर येताना बिस्किटं संपली होती.
बारापैकी चार आठवडे मंजूर.
मेलबर्न पूर्ण मंजूर.

पत्र मीच टाइप केलं.
नोझुकोबाईंचा उलट निरोप आला:
चार आठवड्यांत दोन आवाज बसवीन.
बूच राहील.
म्हणजे तिसऱ्या बाकावरची काकाम्बा
(मी क लिहिते, तुम्ही दोन्ही वेळा बूच समजा)
आता पुढच्या आर्थिक वर्षात.

जूनमध्ये, कडाक्याच्या थंडीत,
बाई पावत्या घेऊन खिडकीशी आल्या.
आठ तास, आठ सह्या, हिशेब चोख.
मी शिक्का उचलला.
त्या हलेनात.
चष्मा काढला, मफलर खाली ओढला,
जीभ दातांमागे नेलेली मला दिसली.

हे नाव कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.
पहिल्या दिवशी, अकरा वर्षांपूर्वी,
मीच म्हटलं होतं, "नूमी म्हणा, चालेल."
मीच मोडलं. त्यांनी फक्त हात पुढे केला होता.

अर्थ आहे, हसू आणणारी.
सुरुवात मात्र हळहळीची, नाकातून येणारी, च्च.
त्यांच्या तोंडून हळहळच जास्त निघाली,
हसू कुठेतरी पडजिभेशी अडकलं,
शेवटचा आकार तर घसरलाच.

पण तोवर माझी मान वर झाली होती.

मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं.
शिक्का बाजूला ठेवून म्हटलं,
अजून एकदा.