मोजदाद

एप्रिलात पातागोनियाच्या पठारावर गवत पिवळं पडतं
आणि कान्यूपान मेंढ्यांची तोंडं बघायला बसतो.
मेंढी दोन गुडघ्यांत धरायची,
अंगठ्यानं खालचा ओठ उलटायचा.
एवढंच.
दुदाती. चौदाती. सहादाती. जुळलेली.
मी कुंपणावर बसून वहीत रेघा ओढतो.

वरच्या जबड्यात, पुढे, मेंढीला दात नसतातच.
खालचे आठ हिरडीच्या कठड्यावर दाबून
ती गवत तोडते.
इथलं गवत म्हणजे तार.
त्यात मी जन्मायच्या आधी कधीतरी डोंगर फुटला,
तीन दिवस भर दुपारी कंदील लावावे लागले,
ती राख अजून उडतेच आहे वाऱ्याबरोबर.
प्रत्येक घासाला थोडी कानस.
पाचव्या वर्षीच दातांचे खुंट.

खुंट झाले की डावा कोंडवाडा.
डाव्या कोंडवाड्याला सोमवारी ट्रक लागतो.

गुरुवारी गावात दातांची गाडी आली,
पांढरी, दारावर हसरी दाढ रंगवलेली.
मीच नेलं त्याला, सत्तर किलोमीटर.
वाटभर गालावर हात, दातखीळ बसल्यासारखा गप्प.
आत लुदमिला नावाची सरकारी डॉक्टर, पोरसवदाच.
हातमोज्यातल्या अंगठ्यानं तिनं त्याचा
खालचा ओठ उलटला
आणि म्हणाली, अरे देवा.
तो छताकडे बघत म्हणाला,
"डावा ना?"
तिला वाटलं, दुखतंय ती बाजू.
डावीकडेच भूल दिली तिनं.

तीन निघाले.
ते त्यानं मागून घेतले, कागदात गुंडाळून,
आणि परतताना काच खाली करून
एकेक भिरकावला.
बधिर ओठांतून शब्द अर्धेच येत होते.
ह्या मातीनं खाल्ले, असं काहीतरी. घेऊ दे तिला.

शुक्रवारी उरलेला कळप.
ती काणी मेंढी आली, तीनदा जुळी झालेली,
गेल्या हिवाळ्यात बर्फाखालून स्वतःच उकरून निघालेली.
त्यानं ओठ उलटला. मला कुंपणावरूनही दिसलं:
गुलाबी हिरडी, आणि एकच दात,
बंद दुकानाच्या पाटीसारखा एका खिळ्यावर लोंबणारा.
ओठाला एक काडी चिकटलेली.
दाती तृण धरलं म्हणजे शरण आला, असं म्हणतात;
हिच्याकडे धरायलाही काही नव्हतं.
"सहादाती," तो म्हणाला.
मी वर पाहिलं.
"लिही."

आता संध्याकाळी शेडमागे पत्र्याची बादली असते,
कोमट पाण्यात भिजवलेले ओट.
तो आधी आपल्या वाटीत काढून घेतो, मीठ टाकतो,
मग बादली तिच्यापुढे सरकवतो.
दोघंही हळूच खातात, आवाज न करता.
सप्टेंबरात गाडी परत येईल, हिरड्या भरल्या की
कवळीचं माप घेऊ, असं लुदमिला म्हणालीय.
"हिचंही घेईल का गं ती?" तो मेंढीलाच विचारतो
आणि दात काढतो.
दात काढायला दात लागत नाहीत,
हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मालक विचारतो, यंदा ओट एवढे कसे लागले.
मी वही पुढे करतो.
तो बोट फिरवत खालपर्यंत जातो.
जुळलेला आहे हिशोब.