डी सहा, शून्य दोन

मानेवाड्याच्या मागच्या खोलीत
आठ जुनी बोर्डं, मी, आणि एक कूलर
जो रात्री दोनला पाणी मागतो.
बोर्डांना तारा, तारांना एक डबा,
डब्याला जग.
कोणीही कुठूनही यावं, तासभर वेळ घ्यावी,
आठ-शून्य-आठ-पाचला बोलतं करावं.
वर कॅमेरा, चार लाल आकड्यांवर रोखलेला.
रीसेटचं बटन मात्र दुरून दाबलं जात नाही.
त्यासाठी मी.

आज अहेरीहून प्रफुल सिडाम.
रेंज गेली की मधल्याच आकड्यावर थांबतो,
आली की तिथूनच पुढे.
"तुमचं बोट तेवढं दिसते, बाई," लिहितो.
त्यानं घेतलंय तीन नंबरचं बोर्ड,
कळमन्याच्या काट्यातून निघालेलं,
खाचेत अजून तुरीची धूळ.
एक सूचना चालवतो, थांबतो, रजिस्टर बघतो.
पुन्हा एक.
गहू निवडावेत तसा.

मी पाटावर दहा किलोचं वजन ठेवते.
आकडे म्हणतात, आठ.

"काटा बिघडला का?"
"बघ की."

बराच वेळ काही नाही.
मग एकदम:
"बाई, शून्य-दोन-सहा-चारवर बघा,
डी सहा, शून्य दोन.
हे तर दोन वजा करून राहिलं!
अन् त्याच्याआधी तपासते, काटा रिकामा आहे का.
रिकामा असला तर हात नाही लावत.
कोणतरी लय हुशार होतं."

"असन कोणी," मी लिहिते.

हिंगण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात,
मालक म्हणाले होते, कडता.
पोतं, ओल, माती, काय असेल ते. सगळेच धरतात.
बावीस वर्षांच्या मुलीनं पेन्सिलनं
कागदावरच कोड जुळवला, घाम पुसत.
एवढंच विचारलं तिनं,
रिकाम्या काट्याचं काय करायचं?
त्या प्रश्नाचे पगारात पन्नास रुपये वाढले.
चाळीस काटे गेले तिथून.
पोत्यामागे दोन किलो.
पुढचा गुणाकार मला हेक्समध्येही येतो.
केला नाही कधी.

"पुसू का, बाई?"

पुसायला जांभळा दिवा लागतो, वीस मिनिटं,
आणि त्याच्याखाली सगळंच जातं,
बरं लिहिलेलंसुद्धा.
पण एकाचा शून्य जागच्या जागी होतो.
परत एक होत नाही, इतकंच.
हे मी त्याला सांगते.
"मग शून्य-शून्य, शून्य-शून्य लिहितो!
प्रोसेसर नुसता पुढे जाईल."
जाईल.
पंचवीस व्होल्ट सोडावे लागतील.
खटका माझ्या बाजूला आहे.

बोट ठेवते. ते त्याला दिसत असणार.

"थांबा बाई. अगदी शेवटी दोन अक्षरं आहेत.
चार-ई, चार-डी.
एन, एम.
हे कोण?"

त्याच्याकडे माझं नाव तिजारे असं जातं.
मोटघरे होते, तेव्हाची वही
लग्नात कुठे गेली, माहीत नाही.
कूलर घरघरतो. पाणी संपलं असावं.
मी उठत नाही.

"तेवढी दोन राहू दे," लिहिते,
आणि खटका वर करते.

आकडे विझतात.
रीसेट दाबायचंय अजून.
वजन पाटावरच आहे.